कोल्ह्याची आई

हम्मूला काइद, म्हणजे फिरंग्यांनी नेमलेला मुलखाचा कारभारी, डाकू म्हणायचा. आणि काइद जे म्हणेल त्याच्या उलट बोलायचं ही ताझरूत गावाची जुनी खोड, त्यामुळे गाव त्याला सिंह म्हणायचं. डोंगरात त्याचं चालतं नाव होतं कोल्हा. जर्मनांशी लढायला पोरं धरून नेणाऱ्या रूमी, म्हणजे फिरंगी, शिपायांच्या हातून त्यानं पोरं सोडवली होती, आणि काइदच्या खेचरांवरचा सातू लुटून उपाशी गावांत वाटला होता. हे सगळं खरं होतं. एका गरीब मेंढपाळाची मेंढरं त्यानं कापून खाल्ली आणि तो कुरकुरला तेव्हा त्याच्या मुस्काटात भडकावली, हेही खरं होतं. पण मेंढपाळावर गाणी कोण रचतंय?

झेरफाकडे हम्मूसाठी एकच शब्द होता, आणि तो चारचौघांत उच्चारण्यासारखा नव्हता. तिचा थोरला लखदर काइदच्या घोडेस्वारांत होता. हौसेनं गेला नव्हता. घरात दाणा नव्हता, आणि काइद निळा झगा आणि रोजची भाकरी देत होता. खिंडीत हम्मूच्या टोळीनं स्वारांवर गोळ्या झाडल्या, तेव्हा घोड्यावरून पहिला खाली आला तो लखदर. गावातल्या बायका रडायला आल्या, नाही असं नाही, पण आल्या तशा लगबगीनं निघून गेल्या. थोड्याच दिवसांत पाणवठ्यावर एक नवं गाणं आलं. त्यात काइदच्या कुत्र्यांची नावं होती, आणि त्यात तिच्या लेकाचंही होतं.

"अगं, गाणं काय मी रचलंय?" शेजारची तूनेस म्हणाली होती. "तोंडात बसलं ते गाते. चाल चांगली आहे."

"तुझा नवरा मरू दे, त्यालाही लावते चांगली चाल," झेरफानं ऐकवलं होतं.

त्या दिवसापासून तिनं केसांना फणी लावली नाही. आमच्या डोंगरात आईनं केस असे सोडले की घरात उरलेल्या मुलाला वेगळं काही सांगावं लागत नाही. धाकटा मेझियान, मिसरूडही नीट न फुटलेला, आईच्या जटा बघत वर्षभर जेवला आणि एक दिवस न जेवता उठला. बापाची बंदूक त्यानं खांद्यावर टाकली. झेरफानं त्याला अडवलं नाही. उलट वाटेसाठी वाळलेली जर्दाळू बांधून दिली आणि वर म्हणाली, "हम्मूला मारल्याशिवाय या दारात पाय ठेवू नकोस."

बोललेला शब्द आणि सुटलेली गोळी माघारी येत नाही. पोरगं वळणाआड गेलं तेव्हाच त्याला परत बोलवावंसं तिला वाटलं होतं, पण हाक मारायला जीभ उचलली नाही. मग उन्हाळा सरला, अंजिरं सरली, डोंगरावर बर्फ आला. मेझियान आला नाही. वर देवदारांच्या रानात एकटा हिंडतोय, कुणीतरी पाहिलाय, एवढंच कानावर यायचं. तिला सूड आता नकोसा झाला होता. तिला पोरगा हवा होता, जिवंत, दारात उभा असलेला, मग रिकाम्या हातानं का येईना.

त्यात रूमींच्या कप्तानानं गावातले पुरुष ठाण्यावर नेऊन कोंडले. "हम्मू द्या, माणसं न्या," असा त्याचा निरोप होता. धरलेल्यांत तूनेसचा नवरा सद्दोकही होता. अख्ख्या गावात हम्मूला उघड उघड डाकू म्हणणारा पुरुष तो एकटा, पण रूमींच्या जाळ्याला एवढं बारीक काय कळतंय? सुक्याबरोबर ओलंही जळतं.

त्या सकाळी झेरफा जात्यावर सातू दळत होती. दार ढकललं गेलं आणि एक माणूस आत कोसळला. अंगावर साधा सदरा, दाढीत बर्फ, मांडीवरची विजार रक्तानं काळी पडलेली. तिला वाटलं, भिकारी आहे, थंडीनं मरायला टेकलाय. ती पाणी आणायला उठणार तोच त्यानं हातांवर सरपटत येऊन तिची मान धरली, झग्याचा गळा टराटरा फाडला आणि तिच्या छातीला तोंड लावलं.

झेरफा किंचाळली. जात्याचा खुंटा उपसून तिनं त्याच्या डोक्यात हाणला, पुन्हा हाणला. तो सोडेना. मग तोंड काढून बाहेरच्या दिशेनं ओरडला, "शेजारणींनो, या! बघा! साक्षीला या!" आणि परत तोंड लावलं.

तूनेस धावत आली ती उंबऱ्यावरच थिजली.

"कोण मेला हा?"

"मी हम्मू," तो माणूस बाजूला लवंडत म्हणाला. कपाळावरून रक्ताचा ओघळ नाकापर्यंत आला होता. "आणि ही माझी आई."

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ज्याला मारलं त्याच्या आईच्या छातीला मारेकऱ्याचं तोंड लागलं, आणि ते कुणी पाहिलं, की तो तिचा मुलगा होतो. दूध असो वा नसो. रक्त तिथंच फिटतं. मेलेल्याच्या भावांनी मग त्याला हात लावायचा नाही, तो त्यांचा भाऊ असतो. आईनं त्याला परकं म्हणायचं नाही. हे नातं नाकारलेल्या घरात कुणी मुलगी देत नाही आणि त्या घरच्या मयताला कुणी खांदा देत नाही.

झेरफानं फाटका गळा मुठीत धरला.

"वाळलेल्या थानात काय मिळालं रे तुला, हरामखोरा? माझा लखदर प्यायला ते दूध तू रस्त्यावर सांडलंस. आता चाटायला आलास?"

"आई, शिव्या नंतर दे. आधी ऐक."

"आई म्हणू नकोस!"

"म्हणणारच. साक्षीदार आहे." त्यानं तूनेसकडे बोट दाखवलं.

तूनेस त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. "हा हम्मू? एवढाच? गाण्यात तर दारातून वाकून आत येतो."

"गाणं रचणाऱ्यानं मला घोड्यावर पाहिलं असेल, बाई," हम्मू म्हणाला, आणि मांडी दाबून विव्हळला.

मग त्यानं सांगितलं ते असं. त्याची टोळी संपली होती. निम्मे मेले, निम्मे घरी पळाले. मांडीत गोळी घेऊन तो बर्फातून लपतछपत हिंडत होता, आणि त्याच्या मागावर रूमी होते तसा मेझियानही होता.

"दोनदा माझ्या बंदुकीच्या टप्प्यात आला," हम्मू म्हणाला. "खोकत होता. पोराला साधं दबून चालता येत नाही. मी नेम धरला आणि खाली केला. एका घरातले दोघे माझ्या नावावर नकोत. म्हटलं, जावं आणि आईच्याच पायाशी पडावं. रक्त फिटलं की त्यालाही घरी येता येईल आणि मलाही कुठं पाठ टेकता येईल."

"म्हणजे स्वतःची पाठ वाचवायला आलास."

"हो," तो म्हणाला. "तीही."

या उत्तरानं झेरफाचा हात, खुंटा धरलेला, खाली आला. खोटं बोलला असता तर तिनं आणखी एक हाणला असता. "कुठं आहे माझा पोरगा?"

"वर, देवदारांच्या कडेला. काल संध्याकाळी झोपलेला सापडला. बंदूक मांडीवर, ओठ निळे. आणखी थोडा वेळ तसाच राहिला असता तर गोठला असता. मी माझा बर्नूस काढला, त्याच्या अंगावर घातला आणि निघून आलो." इतकं बोलताना त्या रक्ताळलेल्या तोंडावरसुद्धा जरा फुशारकी आली. "जागा होईल तेव्हा कळेल त्याला. ज्याला गळा चिरता आला असता त्यानं पांघरूण घातलं. आपल्यात याहून मोठा निरोप नाही."

झेरफानं त्याच्या उघड्या सदऱ्याकडे पाहिलं. एवढ्या बर्फात तो झग्याशिवाय आला होता, हे तिला आत्ता कुठं दिसलं.

"कुठला बर्नूस?" तिनं विचारलं. "तो लाल पट्टीचा?"

हम्मूच्या टोपीवाल्या तपकिरी लोकरी झग्यावर पाठभर आडवी लाल पट्टी होती. ती प्रत्येक गाण्यात होती. ती काइदच्या दवंडीत होती. पट्टी दिसली की आधी गोळी घाला, चौकशी मग करा, असा शिपायांना हुकूम होता, आणि हे रानात बकऱ्या चारणाऱ्या पोरींनाही ठाऊक होतं.

"अरे देवा," तूनेस म्हणाली.

"जागा होईल तेव्हा कळेल म्हणे!" झेरफाचा आवाज फाटला. "थंडीनं काकडलेलं पोरगं तुझा निरोप काय घडी घालून ठेवेल? ते अंगात घालेल! आणि घालून चालायला लागेल! कोल्हा म्हणतात तुला. कसला कोल्हा? मेंढरापेक्षा मेंढरू आहेस तू!"

हम्मूच्या तोंडचं पाणी पळालं. "हे माझ्या डोक्यात आलंच नाही," तो पुटपुटला, आणि भिंत धरून उठायला गेला. मांडीनं साथ दिली नाही. तो धान्याच्या रांजणांवर आदळून खाली बसला.

झेरफानं घोंगडी खांद्यावर घेतली. तूनेस दारात तशीच उभी होती, आणि तिच्या डोळ्यांत आता दुसरंच काही होतं.

"झेरफा," ती हळू म्हणाली, "माझा सद्दोक ठाण्यावर आहे. छातीत कफ झालाय त्याला. आणि हा इथं आहे. मी खाली जाऊन एक शब्द बोलले तर..."

"तर सद्दोक घरी येईल. जा, बोल." झेरफा तिच्या अगदी जवळ गेली. "पण तू पाहिलंस, तूनेस. याचं तोंड माझ्या छातीला लागताना तू तुझ्या डोळ्यांनी पाहिलंस. हा आता माझा मुलगा आहे. माझ्या तोंडात शेण गेल्यासारखं होतंय हे बोलताना, पण आहे. माझ्या मुलाला विकून नवरा आणणार आहेस का?"

तूनेस मटकन खाली बसली आणि पदरात तोंड खुपसून रडू लागली. "बांध त्याची मांडी," झेरफा म्हणाली. "रांजणांमागे ढकल. कुणी आलं तर सांग, मी बकरी शोधायला गेलेय." आणि ती निघाली.

देवदारांची वाट तिला पाठ होती, पण बर्फात ती वाट नुसती आठवणीत उरली होती. गुडघ्यापर्यंत पाय रुतत होते. तिला दम्यासारखी धाप लागली, तरी ती थांबली नाही. मनात एकच घोकत होती, आधी मी पोचू दे, आधी मी. अल्लाला तिनं नवस बोलले, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा नवस बोलले. कड्याखाली आल्यावर तिला वर माणसाच्या पावलांचा माग दिसला. तिथून ती हाका मारू लागली.

"मेझियान! अरे मेझियान! रक्त फिटलं रे! घरी ये!"

कडे हाक घोळवत राहिले. तिनं पुन्हा साद घातली. आणि वरून, लांबून, खोकल्यात अडकलेला एक आवाज आला, "आई?"

मग तो दिसला. कड्याच्या माथ्यावर, पांढऱ्या बर्फावर, तपकिरी झग्यातलं तिचं पोरगं. हाक कुठून येते ते बघायला तो वळला आणि पाठीची लाल पट्टी लख्ख दिसली. एक क्षण, देवाशप्पथ, फक्त एकच क्षण झेरफाला आनंद झाला. तो उभा होता. जिवंत होता. तिनं हात उंच केले.

बंदुका तिच्या डाव्या अंगाला, देवदारांतून उडाल्या. मेझियान बसल्यासारखा खाली गेला आणि पुन्हा उठला नाही.

झेरफा त्या चढावर कशी पोचली ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. ती पोचली तेव्हा शिपाई त्याला खेचरावर आडवा बांधत होते. तिच्या छातीत वारा उरला नव्हता, तोंडातून शब्द निघेना. शिपायांबरोबर सपाटीवरचा एक दुभाष्या होता. त्याला आमची भाषा मोडकीतोडकी यायची, तीही हुकूम द्यायच्या कामाची.

"अरे, ही तर त्या लखदर स्वाराची आई!" त्यानं तिला ओळखलं. लखदरचं प्रेत काइदतर्फे तोच तिच्या दारात ठेवून, न थांबता निघून गेला होता. "म्हातारे, तूच हाका मारत होतीस ना? शब्द नाही कळले, पण शाबास! शिपाई म्हणतात, तुझ्या हाकेनं बाहेर आला म्हणून सापडला, नाहीतर आज पण निसटला होता. चल ठाण्यावर. तुझ्या लेकाचा मारेकरी तूच ओळखून दे कप्तानाला."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. मनानं वाईट माणूस नव्हता तो, तिला खूश करायला बघत होता. त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणीही तिला दिलं. ती खेचराच्या मागून चालू लागली. लोंबणारा हात खेचराच्या पोटावर आपटत होता, आणि तो धरावा, आत घ्यावा, चोळून गरम करावा, एवढंच तिला सुचत होतं.

ठाण्याच्या अंगणात त्यांनी त्याला जमिनीवर ठेवला. काइदला बोलावून आणलेलं होतं, पण काइद ताझरूतला आयुष्यात कधी आला नव्हता. त्याला आमच्या मेंढरांची तोंडं ठाऊक, माणसांची नाहीत. कोंडलेल्या माणसांना बाहेर काढून भिंतीशी उभं केलं. त्यांनी मेझियानला ओळखलं. त्यांच्यासमोरच तर तो रांगला होता, त्यांच्याच अंगणांतून जर्दाळू चोरून मोठा झाला होता. एकामागून एक त्यांच्या माना खाली गेल्या आणि सगळे झेरफाकडे बघेनासे झाले.

कप्तान खाली वाकला. मेलेल्याच्या कोवळ्या हनुवटीकडे बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तो काहीतरी म्हणाला.

"कप्तान म्हणतात, हे तर पोरगं दिसतंय," दुभाष्या म्हणाला. "हम्मू तिशीचा आहे म्हणे. बाई, नीट बघून सांग. हा तो असेल तर ही सगळी माणसं आत्ता घरी. नसेल तर उद्या फौज वर येणार. गावाचं धान्यकोठार जाळणार आणि घरन् घर उपसणार."

झेरफा मुलाच्या उशाशी बसली. तिला खरंच वाटलं होतं की आता ओरडायचं, माती डोक्यात घालायची, गालांवर नखं ओढायची आणि सांगून टाकायचं, हा माझा आहे, तुम्ही माझं पोर मारलंत. घशापर्यंत आलं होतं ते. पण सांगून तो उठणार नव्हता. उद्या फौज वर जाणार, रांजणांमागे दुसरा सापडणार, सातूचा दाणा न् दाणा जळणार, आणि या भिंतीशी उभी असलेली माणसं इथंच कफानं मरणार. मेझियान तरीही मेलेलाच असणार.

"झेरफा," भिंतीशी उभा असलेला सद्दोक आपल्या भाषेत, दुभाष्याला पकडता येऊ नये असं भरभर म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "आमचा विचार करू नकोस. माणसाला त्याच्या नावानं मूठमाती मिळाली पाहिजे. तू बोल खरं. नाहीतर मी बोलतो."

"तू तोंड मीट, सद्दोक," तीही तशीच भरभर म्हणाली, वर न बघता. "तुझी बायको माझ्या घरात माझ्या मुलाजवळ बसलीय. तोंड मीट."

सद्दोकला काही उलगडलं नाही. पण तिचा आवाज ऐकून तो गप्प झाला.

"हाच हम्मू," झेरफा म्हणाली.

"नक्की? कप्तान म्हणतात, एवढा लहान?"

आता तिनं मान वर केली. "सांग तुझ्या कप्तानाला, याच्यापुढे दोन हिवाळे पळत होतात तेव्हा मोठा वाटत होता. आता आडवा पडलाय म्हणून लहान दिसतोय."

दुभाष्यानं हे जसंच्या तसं सांगितलं नसावं, पण भिंतीशी कुणीतरी नाकातून आवाज काढला, आणि काइद खोकला. कप्तानाचा चेहरा लाल झाला. तरी त्याचं समाधान होत नव्हतं. तो झेरफाकडे टक लावून बघत राहिला आणि हळू आवाजात काही बोलला.

"कप्तान म्हणतात, ही आनंदात दिसत नाही," दुभाष्या म्हणाला. मग स्वतःचं, जरा समजुतीच्या सुरात, "आणि खरंच, म्हातारे. आमच्या सपाटीवर मुलाचा मारेकरी असा पायाशी पडला की आई जीभ हलवून लग्नातली किलकारी देते. तुमच्यात देत नाहीत का?"

"देतात," ती म्हणाली.

झेरफानं मुलाच्या कपाळावरचा बर्फ पुसला, जणू तोंड नीट दिसावं म्हणून. ती उठून उभी राहिली. हात ओठांशी नेला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा तिची जीभ हलली आणि ती उंच, लांब, थरथरती किलकारी निघाली, नवरा-नवरी उंबऱ्यात येतात तेव्हा आया देतात तशी. मेझियानच्या लग्नात द्यायची म्हणून तिनं ती राखून ठेवली होती. श्वास संपेपर्यंत तिनं ती दिली, मग श्वास घेऊन पुन्हा दिली. भिंतीशी सद्दोकनं दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते.

कप्तानानं मान हलवली आणि फाटक उघडायला सांगितलं.

प्रेत त्यांनी दिलं नाही. बाजाराच्या दिवसापर्यंत ते लोकांना दाखवायचं होतं. झेरफानं मागितलंही नाही. मुलाच्या मारेकऱ्याचं प्रेत कोणती आई मागते?

गावाच्या वाटेवर पुरुष तिच्या मागून चालत होते. चढावर एकेक जण पुढं येई, वाकून तिच्या त्या न विंचरलेल्या डोक्याचं चुंबन घेई आणि पुन्हा मागं जाई. सद्दोक सगळ्यात शेवटी आला. त्याला रडू आवरत नव्हतं, म्हणून तो बराच वेळ तिथंच उभा राहिला, आणि मग तिनंच त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढं ढकललं.

घरी तूनेसनं तिचा चेहरा पाहिला, मागून येणारा नवरा पाहिला, आणि काही न विचारता बाहेर पळाली. झेरफानं दाराला अडसर लावला.

रांजणांमागे हम्मू जागा होता. "मी गोळ्या ऐकल्या," तो म्हणाला.

ती त्याच्यासमोर बसली.

"मी खाली जातो," तो म्हणाला. "रांगत जातो. सांगतो, खरा हम्मू मी आहे. पोराचं प्रेत तरी तुला मिळेल."

"हम्मू मेला. कप्तानानं पाहिला, काइदनं पाहिला. मी किलकारी दिली त्याच्यावर." तिचा आवाज सपाट होता. "आता तू खाली गेलास तर ते विचारतील, मग हा कोण? मग सगळी माणसं परत आत, आणि माझ्या पोराचं मरण फुकट. बस गुमान."

"मग मी कोण?"

"मेझियान. डोंगरातून मांडी मोडून परत आलेला, या घरचा धाकटा. गाव तेच म्हणेल. माझ्या म्हातारपणी लाकडं फोडशील, कोठाराच्या राखणीची पाळी करशील, आणि तुझ्यावरची गाणी बायका गातील ती मुकाट ऐकशील."

हम्मू तिच्याकडे बघत राहिला. "आई, मला हे जमणार नाही. त्यापेक्षा मला मार. तो खुंटा घे."

"मारलं असतं," ती म्हणाली. "सकाळी मारायला हवं होतं. आता तुला मारायला दुसरा मुलगा कुठून आणू?"

मग झेरफाचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. तिनं त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरून त्याला गदागदा हलवलं.

"रड!" ती दबक्या आवाजात म्हणाली. "उद्या सगळा डोंगर हम्मूसाठी रडेल. माझ्या मेझियानसाठी कुणी रडायचं नाही, तो जिवंत आहे, घरी आलाय. मला रडता येत नाही, मी खूश आहे, सगळ्या ठाण्यानं ऐकलंय. तू त्याचा भाऊ आहेस ना? दूध प्यायलास ना? मग रड त्याच्यासाठी. कुणीतरी रडा रे त्याच्यासाठी!"

आणि तो रडला. खिंडीत घोडेस्वार लोळवणारा तो माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. आवाज वाढला तसा झेरफानं आपला तळहात त्याच्या तोंडावर दाबला. त्याचे हुंदके तिच्या हातात येऊन आपटत होते आणि ती ते मोजल्यासारखी ऐकत होती.

बाहेर तूनेसच्या अंगणात बायकापोरी जमल्या होत्या. त्यांना अजून काहीच ठाऊक नव्हतं. पुरुष घरी आले होते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं, आणि एकीनं किलकारी दिली, मग दुसरीनं. दारावर थाप पडली.

"झेरफाकाकू! आत काय करताय? सगळे सुटले! या ना!"

"आले हं," झेरफानं आवाज दिला, आणि हात आणखी घट्ट दाबला.